गावकीचा पाव

माझा भाऊ जर्व्हेस सेलवूड सुधारणावाला का झाला, असं विदरकोममध्ये कुणालाही विचारा. मालकांना गरिबांचा कळवळा, असंच उत्तर मिळेल. मी त्याच घरात राहते, रोज त्याच्यासमोर बसून जेवते, त्यामुळे मला हे ऐकून वर मानही डोलवावी लागते.

खरं कारण आमच्या कुंपणापलीकडे राहतं. सर एव्हरार्ड वॉल्डिच हे आमचे शेजारी, पिढीजात कॅथलिक. एका ओढ्याच्या पाण्यावरून त्यांचं नि आमचं आजोबांच्या काळापासून वाकडं. दोन वर्षांपूर्वी सरकारनं कॅथलिकांना पार्लमेंटात बसायची मुभा दिली, ती बातमी आली तेव्हा आम्ही जेवत होतो. तोवर जन्मभर ‘जुनं ते सोनं’ म्हणत आलेला, विदरकोमतर्फे पार्लमेंटात बसणारा माझा भाऊ सूप तसंच टाकून उठला. “उद्या तो वॉल्डिच माझ्या शेजारच्या बाकावर येऊन बसेल,” एवढंच म्हणाला. मग त्याच्या डोक्यानं घेतलं, की असला कायदा करणारं पार्लमेंटच सडकं आहे, आणि साध्या माणसांच्या मतांवर ते निवडून आलं असतं तर हे घडलंच नसतं. झालं. ज्या पक्षाला हयातभर शिव्या घातल्या, त्याच पक्षाच्या, मतदानाचे नियम बदलणाऱ्या सुधारणेच्या बिलाला हा जाऊन मिळाला. आपलं नाक कापून शेजाऱ्याला अपशकून, दुसरं काय.

हे मी त्याला तोंडावर ऐकवलं. मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, मला भीड कसली?

तो हसला. “कारण कसलंही असू दे ना, लेटिस. काम तर चांगलं आहे? तहानलेला माणूस पाणी पिताना विचारतो का, की बाबा, तू मला का पाजतोस?”

खरं सांगायचं तर तेव्हा मला ते पटलं.

विदरकोममध्ये मत कुणाला, हे ठरवायला वकील लागत नाही. ज्याची स्वतःची चूल आणि तिच्यावर स्वतःची हंडी, त्या पुरुषाला मत. बापाच्या चुलीवर जेवणाऱ्या पोराला नाही, घरमालकिणीच्या हातचं खाणाऱ्या भाडेकरूला नाही. आणि वर्षभरात ज्याच्या घरी गावकीचं अन्न आलं, त्याला तर नाहीच नाही. गावकीचं म्हणजे कंगालांसाठी चर्चच्या पंचांनी राखलेल्या पिठातलं. ते पोटात गेलं की माणूस मतातून गेला, आणि लोकांच्या नजरेतूनही.

मतदानाच्या आदल्या दिवशी प्रत्येक घरधनी दारासमोर रस्त्यावर चूल मांडतो आणि सगळ्यांच्या देखत हंडी उकळतो. मेयर चमचा घेऊन दारोदार फिरतो नि प्रत्येक हंडीची चव घेतो. चव घेतली, की मत पक्कं. मत पुरुषाचं असलं तरी हंडी बायकोची, त्यामुळे त्या दिवशी खरी लढाई बायकांतच लागते. ‘तुझ्या हंडीत मटण आहे की मटणाची आठवण,’ असं एक म्हणते, तर दुसरी म्हणते, ‘तुझ्या सलगमांना विचार, तीच रडतायत.’ मी दर निवडणुकीला हे ऐकायला मुद्दाम खाली रस्त्यावर जाते.

अमॉस चिलकॉटची हंडी त्या रस्त्यावर सगळ्यात जुनी. अमॉस लोकर विंचरतो. सत्तरी गाठलेला माणूस, पण एकही निवडणूक त्यानं चुकवलेली नाही. त्याची बायको केझाया. तिच्याविषयी मी काय सांगू? ती आमच्या घरी दाई होती. आई गेली तेव्हा जर्व्हेस रांगत होता, त्याला तिनं कडेवर वाढवला. तिच्या लग्नाच्या दिवशी आम्ही दोघं चर्चच्या पायरीवर बसून रडलो होतो. अजूनही ती त्याला पाठीमागे ‘जर्व्हीबाळ’ म्हणते.

गेल्या जानेवारीत अमॉसच्या छातीत कफ दाटला. त्याला धड बसवत नव्हतं, काम बंद पडलं. मी एका सकाळी भेटायला गेले, तर चुलीवर हंडी उकळत होती, वाफेनं खिडकी भरली होती. मी झाकणाला हात लावायला गेले आणि केझायानं माझं मनगट धरलं. तरी मी झाकण उचललंच. आत नुसतं पाणी होतं.

“शेजाऱ्यांना वाफ दिसायला हवी ना,” ती म्हणाली. “चूल थंड दिसली की पंच दार ठोठावतात. गावकीचा पाव घेता का, म्हणून विचारतात. एवढं आयुष्य गेलं लेटी, आमच्या उंबऱ्याच्या आत तो पाव आलेला नाही. ह्यांना कळलं तर जीव देतील.”

मी म्हटलं, “गावकीचा कशाला? आमच्या घरचा घे. मी स्वतः आणून देईन.”

“दान नको गं.”

“दान कसलं? तू आम्हाला भरवलंस, त्याला आम्ही दान म्हटलं होतं का?”

तिनं बराच वेळ नाही-नाही केलं. शेवटी म्हणाली, “तुझ्या हातचं असेल तर घेते. दुसऱ्या कुणाचं नाही.” मी शब्द दिला.

घरी येऊन जर्व्हेसला सांगितलं. त्याचे डोळे पाणावले. “अवश्य दे. यांडलला मी आजच सांगतो,” म्हणाला. यांडल हा आमचा पाववाला. वसंत येईपर्यंत त्यानं भाजलेले पाव मी टोपलीत घालून केझायाकडे नेत राहिले. रस्त्यात लोक टोप्या काढायचे. मला भावाचा अभिमान वाटायचा, आणि वॉल्डिचच्या नावानं मी त्याला टोमणे मारायचे त्याची थोडी खंतही वाटायची.

मे महिन्यात निवडणूक लागली ती ह्या बिलावरूनच. एका बाजूला जर्व्हेस, दुसऱ्या बाजूला गावाची निम्मी जमीन ज्यांची त्या लॉर्डसाहेबांनी बिलाविरुद्ध पाठवलेला एक तरुण, ज्याला आमचं गाव नकाशातही सापडलं नसतं. पण लॉर्डसाहेबांची कुळं पुष्कळ, आणि ती त्यांच्या शब्दाबाहेर जात नाहीत. सामना अटीतटीचा होता.

हंडीच्या दिवशी अमॉस ताठ उभा होता. मेयर क्रिडलंडनं चमचा बुडवला, चाटला आणि डोळे मिटले.

“केझायाबाई, ह्या हंडीला दोन मतं द्यावीत असं वाटतं.”

“एक माझं लिहा मग,” केझाया म्हणाली. सगळा रस्ता हसला. अमॉससुद्धा.

दुसऱ्या दिवशी बाजारात फळ्यांचा मंच उभा राहिला. आमच्याकडे मत गुपचूप देत नाहीत. मंचावर चढायचं, नाव सांगायचं, आणि मत कुणाला ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं. समोरच्या खानावळीच्या वरच्या खिडकीत आम्ही बायका बसलो होतो. खिडकी इतकी जवळ, की मंचावर कुणी खाकरलं तरी ऐकू येई. अमॉस ठेवणीतला कोट घालून चढला. सगळ्यांत जुन्या चुलीचा माणूस म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“अमॉस चिलकॉट. लोकर विंचरतो. माझं मत सेलवूडमालकांना.”

“हरकत आहे,” लॉर्डसाहेबांचा वकील म्हणाला. त्याला कुणी सांगितलं होतं देव जाणे. “ह्या माणसाच्या घरी हिवाळाभर गावकीचा पाव जात होता.”

अमॉसला राग आला नाही. त्याला हसू आलं. “वकीलसाहेब, घर चुकलात.”

वकिलानं यांडलला पुढे बोलावलं. यांडल आमचा पाववाला खरा, पण गावकीचं पीठही त्याच्याच ताब्यात असतं. तो टोपी हातात चुरगाळत उभा राहिला. त्यानं एकदा जर्व्हेसकडे पाहिलं. मग खाली पाहून म्हणाला, “चिलकॉटच्या घरचे पाव गावकीच्या पिठाचे होते. शपथेवर सांगतो.”

“तसे भाजायला सांगितलं कुणी?” मेयरनं विचारलं.

“ते... मला आठवत नाही.”

मला अजून पूर्ण कळलं नव्हतं, पण अर्धं कळलं होतं.

अमॉस मात्र शांत होता. तो जर्व्हेसकडे वळला. “मालक, ह्यांची काहीतरी गफलत झालीय. पाव तुमच्या घरचा होता. बाईसाहेब स्वतः आणत होत्या. सांगा ना ह्यांना.”

मेयर मनानं वाईट नाही. तो म्हणाला, “मिस्टर सेलवूड, पाव आपण आपल्या पदरचा दिला असं आपण म्हणा, किंवा गावकीवर घातला तो आपण, ह्यांना न सांगता, असं म्हणा. दोन्हीपैकी काहीही म्हणालात तरी मी ह्यांचं मत धरतो. ह्या माणसानं मागितलं नव्हतं, एवढंच मला हवंय.”

एका वाक्याचं काम होतं. पहिलं म्हणावं तर यांडलची शपथ खोटी ठरत होती आणि यांडल सगळं ओकला असता. दुसरं म्हणावं तर गरिबांचा कैवारी गावकीच्या पिठावर दानशूर झाला, हे वकिलानं तिथल्या तिथे छतावर चढून ओरडून सांगितलं असतं. माझा भाऊ उभा होता. त्याच्या छातीवर सुधारणेची पिवळी फीत होती.

“घरातून कुठला पाव कुठे जातो, ते मला काय ठाऊक?” तो म्हणाला. “ते माझी बहीण बघते.”

सगळा बाजार वर खिडकीकडे बघायला लागला. मी उठले आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणाले, “पाव आमच्या घरचा म्हणूनच मी दिला. ह्या दोघांनी कुणाकडे काही मागितलं नाही.”

“बाईसाहेब,” मेयर अवघडून म्हणाला, “मंचावर बायकांची साक्ष धरता येत नाही.”

कुणीतरी हसलं. “हंडीला मत द्या, बाईला नको,” असंही कुणी म्हणालं. वकिलानं मान लववून मला नमस्कार केला. मी पुन्हा बसले. दुसरं काय करणार होते?

अमॉस अजूनही जर्व्हेसकडेच बघत होता. मग त्याची नजर हळूहळू गर्दीत केझायाला शोधायला लागली. मी वरून पाहत होते, त्याचा चेहरा बदलताना मला दिसला. मालक खोटं बोलणार नाहीत. पाव मालकांचा नव्हता. मग तो घरात आला कसा? बायकोनं पंचांकडे जाऊन मागितला असणार, आणि लाज झाकायला बाईसाहेबांच्या हातापाया पडून त्यांच्या टोपलीतून आणवला असणार. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच समजले असते.

“काल माझ्या हंडीची चव घेतली होतीत,” तो मेयरला म्हणाला.

“हंडी उत्तम होती, अमॉस. पाव वाईट निघाला.”

तो मंचावरून उतरला. गर्दीनं त्याला वाट दिली, पण ती मानाची वाट नव्हती.

जर्व्हेस निवडून आला, तोही चांगल्या फरकानं. अमॉसच्या मतावाचून त्याचं काही अडलं नव्हतं. लोकांनी त्याच्या गाडीचे घोडे सोडले आणि स्वतः दोर ओढत त्याला घरापर्यंत आणलं. संध्याकाळी पाहुणे गेले, तेव्हा मी विचारलं.

“यांडलला काय सांगितलं होतंस तू?”

त्यानं लपवलं नाही. “गावकीच्या पिठातून भाज, म्हणालो. पीठ तेच गं लेटिस. आपणच गावकीला सगळ्यांत जास्त देतो. एका खिशातून काढून दुसऱ्यात घालायचं, एवढाच फरक.”

“मग मंचावर एवढंच सांगायचं होतंस.”

“आणि जागा घालवायची? एका म्हाताऱ्याच्या एका मतासाठी सगळ्या इंग्लंडची सुधारणा घालवू? तूच सांग.”

क्षणभर मला त्याचं म्हणणं रास्त वाटलं, हीच सगळ्यांत लाजेची गोष्ट. त्या घरात राहून माणसाचं तसं होतं.

मग तीन-चार दिवसांनी मी केझायाकडे गेले. ती चुलीपाशी एकटी बसली होती. घरामागे अमॉसची लोकर विंचरायची खोपटी आहे. विंचरण्याचे दाते तापवायला तिथे कोळशाची शेगडी असते. त्या शेगडीवर एक मडकं ठेवलेलं मला खिडकीतून दिसलं. अमॉस त्यात काहीतरी ढवळत होता.

“वेगळी चूल मांडलीय त्यांनी,” केझाया म्हणाली. “म्हणतात, ह्या चुलीत पाव शिरला, ही बाटली. तिथं वर्षभर स्वतःच्या हातचं खाईन, म्हणजे पुढच्या खेपेला मेयर माझ्या हंडीची चव घेईल. झोपतात पण तिथंच.”

मी तशीच खोपटीत गेले आणि अमॉसला सगळं सांगितलं. पाव आमचा, लबाडी जर्व्हेसची, केझायाला काही ठाऊक नव्हतं. त्यानं मला बसायला स्टूल पुसून दिलं. शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“बाईसाहेब, तुम्ही फार चांगल्या आहात,” तो म्हणाला. “पण तसं असतं तर मालक बोलले असते. समोर उभे होते ते. मी विचारलं होतं त्यांना.”

मी परत आत आले, तेव्हा केझाया म्हणाली, “तुझं ऐकणार नाहीत ते. जर्व्हीबाळाला सांग, एकदा येऊन जा. गर्दी नको, काही नको. खोपटीच्या दारात उभं राहून एक वाक्य बोल म्हणावं. मत गेलं तर गेलं. मला फक्त माझी हंडी परत हवी आहे. ह्या वयात एकटीनं जेवण जात नाही गं.”

मी घरी येऊन त्याला शब्दन् शब्द सांगितला. तो खुर्चीत बसून रडला. खोटं नाही, खरोखर रडला. उद्या जातो म्हणाला. दुसऱ्या दिवशी घोडा काढला, गल्लीच्या तोंडापर्यंत गेला आणि परतला.

“जमत नाही लेटिस. सहाशे माणसांसमोर बोलेन, पण त्या दारात उभं राहवत नाही. ती मला बाळ म्हणेल.”

“म्हणू दे की.”

“मी दुसऱ्या रीतीनं फेडीन. बघ तू. ह्या बिलासाठी आता मी अमॉसकरता लढणार.”

ह्या बिलात काय आहे ते मी त्याच्याच टेबलावर वाचलं होतं. ज्यांना आज चुलीमुळे मत आहे त्यांचं ते मरेपर्यंत राहील, पण त्यांच्यामागे नव्या चुलीला मत नाही. पुढे मत मोठ्या भाड्याच्या घरांना. म्हणजे अमॉसच्या रस्त्यावर पुढे कुणाचीच हंडी कुणी चाखणार नाही. हे मी त्याला दाखवलं, तर म्हणाला, तपशील आहे. दुसऱ्या आठवड्यात तो लंडनला गेला.

त्या दाराशी गेला असता तर अर्ध्या घटकेत काम झालं असतं. त्याऐवजी त्यानं अख्खा उन्हाळा पार्लमेंटात जागून काढला. मला आता वाटतं, वॉल्डिचचा राग केव्हाच मागे पडला होता. आता तो खरोखर मनापासून सुधारणावाला झाला होता, आणि तेच मला जास्त भयंकर वाटतं. रागानं केलेलं काम राग ओसरला की थांबतं तरी.

सप्टेंबरात त्याचं भाषण वर्तमानपत्रात आलं. रविवारी प्रार्थना संपल्यावर पाद्रीसाहेबांनी चर्चच्या दारात उभं राहून ते मोठ्यानं वाचलं. सगळं गाव थांबलं. अमॉस एका बाजूला होता, केझाया दुसऱ्या बाजूला बायकांत. दोघं वेगवेगळे आले होते.

‘माझ्या गावात,’ पाद्रीसाहेब वाचत होते, ‘एका प्रामाणिक वृद्ध कारागिराला मी मंचावरून परत जाताना पाहिलं. त्याचा गुन्हा इतकाच, की उपासमारीच्या हिवाळ्यात त्याच्या घरात गावकीचा एक पाव आला. त्या दिवसापासून मला झोप नाही. माणसाचं मत पावाच्या तुकड्यानं पुसलं जातं ती व्यवस्था बदलण्यासाठी मी इथे उभा आहे.’

बायकांनी डोळे पुसले. पुरुष येऊन अमॉसचा हात हातात घ्यायला लागले. यांडलही आला. अमॉसनं टोपी काढून सगळं ऐकून घेतलं होतं. मग तो गर्दीतून चालत केझायासमोर आला. मे महिन्यानंतर चारचौघांत तो तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होता.

“ऐकलंस ना,” तो हळूच म्हणाला. “आता राजाच्या कानापर्यंत गेलं, तू काय आणलंस ते.”

केझायानं शाल डोक्यावरून पुढे ओढली.

मी बोलले. सगळ्यांसमोर, चर्चच्या पायरीवर उभी राहून बोलले, की तो पाव माझ्या भावानं गावकीवर घातला, मी तो आपला म्हणून दिला, आणि भाषणात लिहिलंय ते अर्धसत्य आहे. पाद्रीसाहेबांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, मिस सेलवूडना भाषण ऐकून भरून आलंय. बायका मायेनं माझ्याकडे बघायला लागल्या. गरिबाची लाज स्वतःच्या घरावर ओढून घेते, काय मन आहे, असं माझ्या मागे कुणीतरी म्हणालं.

“बाईसाहेब,” अमॉस म्हणाला, “तुम्ही तिला किती झाकाल?” आणि तो टोपी घालून एकटा खोपटीकडे गेला.

मी तिथेच उभी राहिले. मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि त्यातली कणभरही कुणी माझ्याकडून घ्यायला तयार नव्हतं. सगळी त्या एका बाईच्या पदरात पडत होती. केझाया गर्दीतून माझ्यापाशी आली. माझ्या टोपीची फीत सुटली होती. मी लहान असताना बांधायची तशी ती तिनं हनुवटीखाली नीट बांधली.

“चल लेटी,” ती म्हणाली. “घरी सोडते तुला. जर्व्हीबाळाला यातलं काही लिहू नकोस हं. त्याला आधीच झोप नाही म्हणतात.”

आणि मी, बावन्न वर्षांची बाई, तिचा हात धरून गावातून चालायला लागले, कारण मला मान वर करवत नव्हती.